नृत्यसंस्था आणि बाहेरचा कलाकार: वस्तू तालमीत कधी आणायची, शेवटचा शब्द कुणाचा?

तिरपी_रेघ

नृत्यसंस्थेने चित्रकार, शिल्पकार, संगीतकार किंवा प्रोजेक्शनवाला अशा बाहेरच्या कलाकाराबरोबर नवी रचना बांधायची, यावर इथे सुटे प्रतिसाद बरेच आहेत, पण कामाची माहिती एका जागी नाही. म्हणून हा धागा. 'दोन कलांचा संवाद' वगैरे कृपया नको, ते माहितीपत्रकात छापून येतंच. इथे वजन, माप, तारखा, करारातली कलमं आणि काय कुठे फसतं ते लिहा.

धरायला एक नमुना घेऊ: ८ नर्तक, मध्यंतर नसलेली ५० मिनिटांची रचना, बाहेरून शिल्पकार, नवं संगीत, पुढे दौरा. हाताशी १४ आठवडे.

माझं मत आधीच सांगते. असं काम मतभेदांनी क्वचित बिघडतं. ते बिघडतं वस्तू उशिरा आल्याने. शिल्पकार आपल्या स्टुडिओत घडवत राहतो, नर्तक रिकाम्या जमिनीवर तालीम करत राहतात आणि दोघांची गाठ पडते थेट थिएटरात, प्रयोगाला दोन दिवस असताना. तेव्हा जे बदलायला सोपं तेच बदललं जातं, आणि शिल्पापेक्षा नाच बदलणं नेहमीच सोपं असतं. उड्या आखूड होतात, रांगा वाकड्या होतात, वस्तूला वळसा घालणं एवढंच नृत्यदिग्दर्शन उरतं.

मी सुचवते ते वेळापत्रक असं. पहिल्या आठवड्यात शिल्पकाराने तालमीत यायचं आणि काहीही न आणता बघायचं. दुसऱ्यात १:२५ प्रमाणातलं मॉडेल. तिसऱ्यात जमिनीवर चिकटपट्टीने खऱ्या मापाची आखणी आणि पुठ्ठ्या-प्लायची पूर्ण आकाराची नक्कल. सहाव्यात त्याच नकलेला खरं वजन: आत वाळूच्या पिशव्या. नवव्यात खरी वस्तू, रंग अपुरा असला तरी चालेल. दहाव्याच्या शेवटी कुलूप, म्हणजे त्यानंतर आकार, उंची आणि जागा बदलायची नाही. तेरावा-चौदावा थिएटरसाठी.

---

विंगेतला

वेळापत्रकाला अनुमोदन. फक्त 'खरं वजन' सहाव्यात उशीर होतो. वस्तू ढकलायची, उचलायची किंवा तिच्यावर चढायचं असेल तर चौथ्यातच हवं. हलक्या नकलेवर शिकलेली ढकल खऱ्या वस्तूवर लागत नाही, कारण शरीराने किती आधी आणि किती खालून जोर लावायचा हे सगळंच बदलतं.

आता जमीन. हा विषय शिल्पकारांना कुणी सांगतच नाही.

नाचाची जमीन बहुधा दोन थरांची असते: खाली लवचीक लाकडी बैठक, वर विनाइलचे दीड ते दोन मीटर रुंदीचे पट्टे, जोडांवर चिकटपट्टी. समजा शिल्प १२० किलोचं आहे आणि चार पाय ३ बाय ३ सेंटिमीटरचे आहेत. एकूण टेक ३६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३.३ किलो. विनाइलला कायमचा खळगा पडतो आणि त्यात अनवाणी पाऊल अडकतं. त्याच पायांखाली १५ बाय १५ सेंटिमीटरच्या पट्ट्या लावल्या की टेक ९०० चौरस सेंटिमीटर होतो आणि दाब ०.१३ किलोवर येतो. पट्टीच्या कडा खालून गोल करायच्या आणि तळाला दाट फेल्ट लावायचं. फेल्टमध्ये खडा अडकला की तो घासकागदाचं काम करतो, म्हणून रोज उलटून बघायचं.

दुसरं म्हणजे लवचीक बैठकीवर जड वस्तू ठेवली की तिच्या आसपासची उसळी मरते, आणि शेजारी कुणी उडीवरून उतरलं की वस्तू हलते. दोन्हीचा नर्तकांना त्रास होतो. शिल्पाभोवती साधारण मीटरभर मोठ्या उड्या ठेवू नयेत, किंवा शिल्पाचं वजन बैठकीच्या खालच्या पक्क्या जमिनीवर घेता येतं का ते थिएटरच्या तंत्रज्ञाला विचारावं.

चाकं लावणार असाल तर कडक प्लास्टिकची नकोत, ती आवाज करतात आणि विनाइलवर रेघा ओढतात. मऊ, डाग न पाडणाऱ्या रबराची, किमान १० सेंटिमीटर व्यासाची घ्या. लहान चाक पट्ट्यांच्या जोडावर अडखळतं. ब्रेक पायाने दाबता येईल अशा बाजूला हवा, आणि तो लागलाय हे अंधारात कळायला हवं, म्हणून खटक्यावर अंधारात दिसणारी पट्टी चिकटवतात.

---

विंगेतला

(वरच्याला जोडून, राहिलं होतं.)

कलंडणं. समजा १.८ मीटर उंचीची, ६० सेंटिमीटर रुंद तळाची, ४० किलोची उभी पेटी. वरच्या कडेला किती आडवा जोर लावला की ती पडेल? वजन गुणिले निम्मा तळ भागिले उंची: ४० गुणिले ०.३ भागिले १.८, म्हणजे जेमतेम ६.७ किलो. नर्तक नुसता रेलला तरी याहून जास्त जोर पडतो. तळाशी ४० किलोचं वजन घातलं तर आकडा १३.३ वर जातो, तोही पुरेसा नाही. तळ रुंद करा, उंची कमी करा किंवा 'रेलायचं नाही' हे रचनेतच धरा. हा हिशेब मॉडेलच्या बैठकीत कागदावर होतो, त्याला थिएटर लागत नाही.

पृष्ठभागाचं एकच लिहितो. ओलं पांढरं फडकं घेऊन रंगवलेल्या भागावर वीस वेळा जोरात घासा. फडक्यावर रंग आला तर तो घामाने अंगावर, अंगावरून कपड्यावर आणि कपड्यावरून जमिनीवर येणार. चकचकीत वार्निश घामाने निसरडं होतं, मॅट निवडा. स्क्रूची डोकी खोल बसवून पुट्टीने बुजवा. कडांना निदान ५ मिलिमीटरची गोलाई.

---

ताल_बेताल

थोडा विरोध नोंदवतो. सगळं आधी जुळवून घ्यायचं म्हणजे शेवटी एकमेकांची समजूत काढणंच होतं. नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी उलट दाखवलं: संगीत, नाच, नेपथ्य वेगवेगळं बनवायचं आणि प्रयोगातच एकत्र आणायचं. चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग १९५४ पासून दहा वर्षं त्यांच्यासोबत होता. १९६३ च्या 'स्टोरी'मध्ये तर तो प्रत्येक थिएटरात सापडेल त्या सामानातून त्या त्या रात्रीचं नेपथ्य उभं करायचा. नर्तकांना समोर काय असेल ते आधी माहीत नसायचं. तुमच्या वेळापत्रकात त्याला जागा कुठे आहे?

---

तिरपी_रेघ

जागा आहे, पण त्या पद्धतीबद्दल अर्धीच गोष्ट सांगितली जाते. स्वतंत्र काम करण्याआधी ते कालावधी ठरवत. सुरुवातीच्या रचनांमध्ये तर संगीत आणि नाच दोन्ही एकाच कालरचनेवर बसवलेले असत, ठरलेल्या बिंदूंना भेटत आणि मध्ये मोकळे. आणि राउशेनबर्ग बाहेरून सामान पाठवणारा नव्हता. तो संस्थेबरोबर दौऱ्यावर असायचा, प्रकाशयोजना बघायचा, नर्तक कुठे उडी मारतात हे त्याला पाठ होतं. वस्तू उशिरा आली तरी माणूस पहिल्यापासून तालमीत होता.

म्हणून माझा नियम असा वाचा: वस्तू किंवा वस्तू बनवणारा, दोघांपैकी एक तरी सुरुवातीपासून खोलीत हवा. दोघेही नसतील तर ते नुसतं सामान भाड्याने आणणं झालं.

---

कापडचोपड

+१. वेशभूषेला तर हे दुप्पट लागू. चित्रकाराला वेशभूषा द्यायची फॅशन आहे, आणि कागदावरचं रेखाटन उभ्या माणसाचं असतं. नर्तक उभा फार कमी वेळ असतो.

पहिली कच्ची शिलाई चौथ्या आठवड्यात, स्वस्त कापडात पण खऱ्या कापडाइतक्याच ताणाची. ती घालून पाच गोष्टी करून बघायच्या: पूर्ण खाली बसणं, दोन्ही हात कानाला लावून वर, मागे कमान, जमिनीवर तीन लोळण्या आणि जोडीदाराने कमरेला धरून उचलणं. काखेत आणि दोन पायांच्या मध्ये चौकोनी कळी घातलेली नसेल तर पहिल्या दोनांतच शिवण उसवते. ताणणाऱ्या कापडाला न ताणणारं अस्तर लावणं ही सगळ्यात नेहमीची चूक. बाहेरून सुंदर दिसतं, आतून फाटतं.

उचलण्याच्या जागी साटिन नको, हात घसरतो. टिकल्या जोडीदाराचा हात सोलतात, आणि गळालेला मणी अनवाणी पायाखाली आला तर प्रयोग थांबवायची वेळ येते. चित्रकाराला चमक हवीच असेल तर ती कमरेच्या वर आणि हाताच्या पकडीबाहेर ठेवा, आणि टिकल्यांऐवजी फॉइल प्रिंट वापरा.

घेर. पूर्ण गोल घागऱ्याची लांबी ९० सेंटिमीटर असेल तर गिरकीत तो जवळजवळ आडवा होतो आणि व्यास २ मीटर होतो. शेजारशेजारच्या दोन नर्तकांच्या मध्यांत दोन मीटरहून कमी अंतर असलेली कुठलीही रांग मग बाद. हे नृत्यदिग्दर्शकाला तिसऱ्या आठवड्यात कळलं तर रांग बदलते, तेराव्यात कळलं तर घागरा कापला जातो आणि चित्रकार रुसतो.

हाताने रंगवलेलं कापड: सपाट टेबलावर रंगवलं तर ताणलं की रंगाला भेगा जातात. पुतळ्यावर किंवा चौकटीवर ताणून रंगवायचं, इस्त्रीने पक्कं करायचं, आणि मूळ पोशाखाला हात लावण्याआधी तुकडा पाच वेळा धुऊन बघायचा. लागोपाठ प्रयोग असतील तर प्रत्येकाचे दोन संच, कारण घामाने भिजलेलं जाड सुती कापड दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाळेलच असं नाही.

आकार बदलणारे पोशाख घ्यायचेच असतील तर दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. १९१७ च्या 'पराड' या बॅलेमध्ये पिकासोने मॅनेजरच्या पात्रांना पुठ्ठ्याचे माणसाहून कितीतरी उंच सांगाडे दिले. त्यात नाचता येत नाही, ठाकठोक चालता येतं, आणि नृत्यदिग्दर्शक मासीनने ती पात्रं तशीच बसवली. कनिंगहॅमच्या १९९७ च्या 'सिनारियो'त फॅशन डिझायनर रेई कावाकुबोने पाठीवर, कमरेवर, खांद्यावर गाद्या शिवल्या. तिथे नर्तक पूर्ण नाचतात, पण स्वतःच्या शरीराची कड कुठे संपते याचा अंदाज नव्याने बसवावा लागतो. दुसऱ्या प्रकारात गाद्या निदान आठ तालमींना अंगावर हव्यात. नुसती रंगीत तालीम पुरत नाही.

---

खर्ज

संगीतकाराकडून लिहितो. भांडण बहुतेक वेळा आकड्यांचं असतं, सुराचं नसतं.

संगीतकार आवर्तनं मोजतो, नर्तक आठ-आठ मात्रांचे तुकडे मोजतात. गाणं सात मात्रांचं असलं तरी नर्तक त्याचे आठ करून बघतात, आणि मग 'तिसऱ्या आठातल्या पाचवर' म्हणजे नेमकं कुठे यावर अर्धा तास जातो. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: एकच तक्ता, डावीकडे फाइलमधला वेळ मिनिट-सेकंदात, मध्ये आवर्तन, उजवीकडे नर्तकांचा आकडा. दर बदलाला तक्त्यावर नवी तारीख.

लय थोडी सोडली तर काय होतं ते बघा. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत आठ मात्रांना बरोबर ५ सेकंद लागतात. रेकॉर्डिंगला वादक ९२ वर स्थिरावले तर ५.२ सेकंद. फरक ऐकू येत नाही, पण असे ३२ तुकडे झाले की १६० सेकंदांचा भाग १६७ चा होतो. हवेत तोललेला नर्तक प्रत्येक वेळी तेवढा जास्त वेळ तोलून धरतो. उलट दिशेने, म्हणजे लय चढली, तर उडी पूर्ण व्हायच्या आत सम येते. म्हणून तालमीची कच्ची फाइल आणि अंतिम रेकॉर्डिंग एकाच क्लिकवर, म्हणजे लय धरून ठेवणाऱ्या यांत्रिक ठोक्यावर, बांधा.

दुसरा घोळ हमखास होतो. कच्च्या फाइलीत संगणकातला ढोल असतो, ठोका स्वच्छ. नर्तक त्या ठोक्याला शरीर बांधतात. अंतिम रेकॉर्डिंगमध्ये संगीतकार तो ढोल काढून तंतुवाद्यांचा लांब सूर ठेवतो, कारण त्याच्या मते तो ढोल कधी खरा नव्हताच. आणि खोलीत आठ माणसं हरवतात. तालमीच्या सातव्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा ठोका दबवलेली फाइल लावा, म्हणजे नर्तक श्वासावर आणि एकमेकांकडे बघून मोजायला लागतात.

फाइलींची नावं: 'अंतिम', 'अंतिम२', 'खरंच अंतिम' नको. तारीख आणि एकूण लांबी नावातच. लांबी बदलली की लगेच कळतं.

आणि मोठ्या रंगमंचावर फोल्डबॅक, म्हणजे नर्तकांकडे तोंड केलेले स्पीकर, विंगांत हवेतच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पुढच्या स्पीकरपासून १० मीटर मागे असलेल्या नर्तकाला तो जवळजवळ ३० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, शिवाय भिंतीवरून परतलेला वेगळाच. मागची रांग 'नेहमी मागे पडते' म्हणून ओरडा खाते, त्यात हाही वाटा असतो.

---

उजेड_अंधार

प्रोजेक्शनवाल्यांसाठी, आणि त्यांना बोलावणाऱ्यांसाठी जास्त.

१०,००० ल्युमेनचा (एकूण उजेड) प्रोजेक्टर ८ बाय ५ मीटरच्या पडद्यावर टाकला तर २५० लक्स (दर चौरस मीटरचा उजेड) मिळतात. नर्तकांवर बाजूने टाकलेला उजेड सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. तो पडद्यावर सांडला की चित्र धुतलं जातं. म्हणून बाजूचे दिवे पडद्याला समांतर, नडगी, कंबर, डोकं अशा तीन उंचींवर, आणि नर्तक व पडदा यांत निदान दोन मीटर अंतर. पुढचे दिवे जवळजवळ बंद. नृत्यदिग्दर्शकाला चेहरे हवे असतील तर चित्र फिकं होणार. हे पहिल्या बैठकीत बोलून घ्या, शेवटच्या आठवड्यात नको.

पुढून टाकलेल्या चित्रात नर्तकांच्या सावल्या येतात. मागून टाकायचं तर जागा लागते: ०.८ च्या लेन्सने (अंतर म्हणजे चित्राच्या रुंदीच्या ०.८ पट) ८ मीटर रुंदीसाठी पडद्यामागे ६.४ मीटर. रंगमंचाची निम्मी खोली गेली. आणि प्रोजेक्टरचं 'काळं' काळं नसतं. पूर्ण अंधारात पडद्यावर राखाडी चौकोन दिसतो. लेन्ससमोर यांत्रिक झडप बसवा आणि ती संकेतांच्या यादीत लिहा.

आता नर्तकाच्या हालचालीवर चित्र 'जिवंत' प्रतिसाद देणार, हे वचन. कॅमेरा, संगणक, प्रोजेक्टर अशी साखळी मिळून ७० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. सेकंदाला ४ मीटर धावणारा नर्तक तेवढ्यात ४० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे हाताला चिकटायला हवी ती रेघ कोपराच्याही मागे राहते. तीन वाटा आहेत. जिवंत भाग संथ हालचालींपुरता ठेवा. किंवा चित्राचा स्वभावच मागून ओढत येण्याचा ठेवा, धूर, माग, विरत जाणारी रेघ असा, म्हणजे उशीर दोष दिसत नाही. किंवा जिवंतपणाचा हट्ट सोडा.

तिसरी वाट कमीपणाची नाही. कनिंगहॅमच्या १९९९ च्या 'बायपेड'साठी पॉल कायझर आणि शेली एश्कर यांनी नर्तकांच्या हालचाली आधी टिपून चित्रं बनवली आणि पुढच्या पारदर्शक पडद्यावर टाकली. नृत्यदिग्दर्शक लुसिंडा चाइल्ड्सच्या १९७९ च्या 'डान्स'मध्ये चित्रकार सॉल लविट यांनी त्याच नाचाची आधी घेतलेली फिल्म पुढच्या पडद्यावर दाखवली, मागे नर्तक तोच नाच करतात. तिथे सगळी कसोटी लयीची आहे: फिल्म थांबत नाही, त्यामुळे नाचालाही तसूभर सरकता येत नाही.

अवरक्त कॅमेरा वापरणार असाल तर एक खुबी. जुने तंतूचे दिवे भरपूर अवरक्त प्रकाश टाकतात आणि कॅमेरा आंधळा होतो, एलईडी जवळजवळ टाकत नाहीत. काही काळी कापडं अवरक्तात पांढरी दिसतात. पोशाखाचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरून बघितल्याशिवाय कापड पक्कं करू नका.

---

कापडचोपड

हे शेवटचं छापून ग्रीनरूममध्ये लावायला हवं.

---

ताल_बेताल

म्हणजे जागा अजिबात न खाणारं आणि उशिरा आलं तरी चालणारं असं काही नाहीच का?

---

विंगेतला

आहे की. शिल्पकार अनिश कपूर यांनी २००२ मध्ये नृत्यदिग्दर्शक अक्रम खान यांच्या 'काश'साठी मागे एक मोठा काळा आयत दिला, कडा धूसर. जमीन पूर्ण मोकळी, उजेड बदलला की खोली बदलते. शिल्पकार इसामू नोगुची यांनी १९३५ मध्ये नृत्यदिग्दर्शक मार्था ग्रॅहम यांच्या 'फ्रंटियर'ला कुंपणाचा तुकडा आणि वर दोन्ही कोपऱ्यांकडे जाणारे दोन दोर दिले. सगळा अवकाश दोन दोरांनी बांधला, आणि दोर गुंडाळून नेता येतात. दौऱ्यावर जाणाऱ्याने हे चित्र भिंतीवर लावावं.

दुसऱ्या टोकाला शिल्पकार अँटनी गॉर्म्ली आणि नृत्यदिग्दर्शक सिदी लार्बी शेरकावी यांचा २००८ चा 'सूत्र': माणूस मावेल अशा २१ लाकडी पेट्या, शाओलिन भिक्षू त्या रचतात, पाडतात, आत शिरतात. तिथे पेटी हाच जोडीदार आहे. गंमत म्हणजे त्याच पेट्यांची छोटी मॉडेल्स प्रयोगात रंगमंचावरच असतात आणि हलवली जातात, बैठकीतलं मॉडेल थेट रचनेत आल्यासारखं.

दौऱ्यासाठी कोरडे आकडे: कुठलाही सुटा भाग ८० सेंटिमीटरच्या दारातून गेला पाहिजे, दोघांना न कुरकुरता उचलता आला पाहिजे, आणि सगळं मिळून चार तासांत उभं राहिलं पाहिजे. प्रत्येक जोडावर अक्षर, दोन्ही बाजूंना तेच. बोल्ट एकाच मापाचे, वर वीस टक्के जादा. वेगवेगळ्या मापांचे चार प्रकारचे बोल्ट हा शिल्पकाराचा सगळ्यात महागडा छंद.

टांगायचं असेल तर थिएटरचा रिगरच, म्हणजे टांगणीचा तंत्रज्ञच, हात लावेल. डोक्यावरच्या वस्तूला निदान पाचपट आणि माणूस लटकणार असेल तर दहापट क्षमता धरायचा प्रघात आहे. स्थिर वजनावर हिशेब करू नका. ६० किलोचा माणूस दोरावर झटका देऊन थांबला की क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढ येते.

---

कलम_क्रमांक

शेवटचा शब्द कुणाचा, हे शीर्षकात आहे आणि अजून कुणी शिवलं नाही. हा प्रश्न पहिल्या दिवशी कागदावर सोडवायचा असतो. मी सहसा चार ओळी घालायला सांगते. सुरक्षेबद्दल तांत्रिक प्रमुखाचा नकार अंतिम, त्यावर कुणाचंही मत चालत नाही. हालचालीबद्दल नृत्यदिग्दर्शक. आकार, रंग, साहित्य याबद्दल बाहेरचा कलाकार. एकूण लांबीबद्दल दोघं मिळून, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत जमलं नाही तर निर्माता. 'सर्वानुमते' हा शब्द दिसला की खोडा. तो गोड दिसतो आणि बाराव्या आठवड्यात कुणीच निर्णय घेत नाही.

मग मालकी. वस्तूची मालकी आणि तिच्यावरचा कॉपीराइट वेगळे. संस्थेने पैसे देऊन शिल्प बनवून घेतलं म्हणून त्याची दुसरी प्रत करायचा हक्क मिळत नाही, आणि दौऱ्यात मोडतोड झाल्यावर प्रत लागतेच. म्हणून 'प्रयोगासाठी बदली प्रत बनवण्याची परवानगी' वेगळी लिहून घ्या. उलट बाजूने, शिल्पकाराला ती वस्तू दालनात मांडायची किंवा विकायची असेल तर प्रयोगाच्या तारखांना ती कुठे असेल? सोपा तोडगा म्हणजे दालनाची एक आणि प्रयोगाची एक.

नैतिक हक्क विसरू नका. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या कलम ६ द्वितीय (6bis) प्रमाणे, जे १९२८ साली आलं, कर्त्याला आपलं नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधेल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क आहे, हक्क विकले तरी. दारातून जात नाही म्हणून शिल्पाचा पाय कापला, तर वाद उभा राहू शकतो. करारात 'आधीच मान्य बदलांची यादी' जोडा: उंची एवढी कमी करता येईल, हा भाग काढता येईल, लहान रंगमंचावर २१ ऐवजी १५ पेट्या चालतील, असं. यादीबाहेरच्या बदलाला लेखी होकार आणि उत्तराला तीन दिवसांची मुदत. मुदतीत उत्तर आलं नाही तर काय, तेही.

चित्रफीत. तीन मिनिटांची झलक, पूर्ण नोंद, प्रक्षेपण हे तीन वेगळे हक्क, आणि संगीतकाराचे त्यात पुन्हा वेगळे. झलकेची परवानगी आधीच सगळ्यांकडून घ्या, नाहीतर तिकिटं विकायच्या आठवड्यात एकाची सही अडते.

मानधन टप्प्यांनी: करारावर, नक्कल तालमीत पोहोचल्यावर, खरी वस्तू पोहोचल्यावर, पहिल्या प्रयोगानंतर. टप्पा 'आठव्या आठवड्यात' असा तारखेवर बांधू नका, वस्तू येण्यावर बांधा. पुढच्या प्रत्येक प्रयोगाला ठरावीक रक्कम द्यायची की एकदाच, हेही आत्ताच.

---

उठाण

कलम_क्रमांक, नर्तकांचं काय? बाहेरच्या कलाकारासोबतच्या कामात अर्धी हालचाल नर्तक वस्तूशी खेळून शोधतात आणि श्रेयनामावलीत 'संकल्पना' म्हणून दोनच नावं येतात.

---

कलम_क्रमांक

खरं आहे. निदान 'हालचाल नर्तकांसह विकसित' ही ओळ आणि सगळी नावं, ही मागणी करारात घालता येते. तालमीत उत्स्फूर्तपणे शोधलेला भाग दुसऱ्या संस्थेला शिकवायचा असेल तर मूळ नर्तकांना मोबदला, हेही काही संस्था लिहितात. कायद्याने काय मिळतं ते देशागणिक बदलतं, पण ठरवून लिहायला कुणी अडवत नाही.

आणखी एक कलम नर्तकांसाठी: नव्या वस्तूशी पहिल्या तीन तालमी अर्ध्या वेगाने, आणि ज्याला चढायला नको त्याने कारण न देता नाही म्हणायचं.

---

ताल_बेताल

माझा विरोध बराचसा मागे. शेवटचा प्रश्न: हवेने भरलेल्या वस्तू? हलक्या, घडी होतात, जमिनीला इजा नाही. चित्रकार अँडी वॉरहॉलच्या रुपेरी उशा कनिंगहॅमच्या १९६८ च्या 'रेनफॉरेस्ट'मध्ये आहेतच.

---

विंगेतला

चांगला पर्याय, पण 'इजा नाही' म्हणजे 'त्रास नाही' असं नाही. त्या उशांत हेलियम होता आणि त्या नर्तकांच्या हालचालीने, हवेच्या झोताने इकडेतिकडे जात. तीच त्यांची मजा. वातानुकूलनाचा झोत कुठून येतो ते प्रत्येक थिएटरात आधी बघा, नाहीतर सगळ्या एका विंगेत जमा होतात. हेलियम तापमानाने फुगतो-आकसतो: थंड गोदामात भरून गरम दिव्यांखाली आणल्या की शिवण ताणते, म्हणून पूर्ण टणक भरायच्या नाहीत. दिव्यांपासून लांब, आणि वर अडकल्या तर काढायला लांब काठी विंगेत.

कनिंगहॅमच्याच त्याच वर्षीच्या 'वॉकअराउंड टाइम'मध्ये चित्रकार जॅस्पर जॉन्सने कलाकार मार्सेल द्यूशांच्या 'मोठी काच' या प्रसिद्ध कलाकृतीवरून पारदर्शक प्लास्टिकच्या फुगवलेल्या पेट्या केल्या. द्यूशांची अट एवढीच होती की नाचात कुठेतरी त्या पेट्या एकत्र येऊन मूळ चित्र दिसावं. बाहेरच्या कलाकाराची अट इतकी नेमकी असली की नृत्यदिग्दर्शकाला काम करता येतं.

पारदर्शक प्लास्टिकचं व्यवहारी: बोटांचे ठसे दिव्यात भयंकर दिसतात, हातमोजे घालून मांडा. जमिनीवर घासल्याने स्थिर वीज येऊन धूळ आणि केस चिकटतात, प्रयोगाआधी किंचित ओल्या फडक्याने पुसा. घडी दरवेळी वेगळ्या रेषेवर घाला, एकाच रेषेवर घातली की तिथेच चिरतं. ठिगळासाठी त्याच रोलमधलं प्लास्टिक जपून ठेवा. चिकटवलेला जोड रात्रभर हवा न भरता ठेवावा लागतो, त्यामुळे प्रयोगाच्या दुपारी भोक सापडलं तर ठिगळाचा उपयोग नाही. पारदर्शक टेपने वेळ मारून न्या, आणि एक भरलेली जादा पेटी विंगेत उभीच ठेवा.